लिटरातला जाळ

शिरोळ तालुक्यातल्या ऊसकऱ्याची पेट्रोल पंपावर एक ठरलेली तक्रार असते: "गाडी ॲव्हरेज देईना." मग मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडतो, प्लग घासतो. दोष सापडत नाही. सापडणार कसा? टाकीतल्या तेलातच जाळ कमी आहे.

पेट्रोल विकतात लिटरवर, गाडी पळते उष्णतेवर. श्रोत्यांनी एवढं ध्यानात धरावं. पुढं पुन्हा सांगायचंच आहे. लिटरभर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते. लाइट बिलाच्या हिशेबानं जवळपास ९ युनिट. इथेनॉलच्या लिटरात २१ मेगाज्यूल, म्हणजे जेमतेम ६ युनिट. पंपावरच्या पेट्रोलात आता असतं तसं वीस टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागं सुमारे ७ टक्के उष्णता घटते.

कारण गुऱ्हाळावर बघावं. चुलवाणात वाळलेलं चिपाड गेलं की काहील उसळी मारते. तेवढाच भारा ओलसर असला तर धूरच जास्त. इथेनॉलात ओलाव्याचं काम ऑक्सिजन करतो. वजनात तो तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्तच. स्वतः जळत नाही, जागा मात्र अडवतो. जाळ घालणारा तरबेज असला तर दमट चिपाडावरही काहील सांभाळतो. इंजिनाचंही तसंच! इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, पेट्रोलपेक्षा बराच वरचा. त्यासाठीच बांधलेलं इंजिन तूट बरीचशी भरून काढतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या मोटारींना ६ ते ७ टक्के, दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि जुळवून घेतलेल्या मोटारींना ॲव्हरेजमध्ये अवघी १ ते २ टक्के घट सांगितली आहे.

म्हणून इथेनॉलला शिव्या घालू नयेत. मळीला आणि उसाच्या रसाला त्यामुळंच गिऱ्हाईक मिळालं, आणि ते पैसे याच तालुक्यात फिरतात. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत उसाच्या दराचा पै-पै हिशेब मागणारा गडी पंपावर नुसता लिटरचा आकडा बघतो आणि नोटा काढून देतो. उसाचा उतारा अर्ध्या टक्क्यानं घसरला तर गाव डोक्यावर घेणारा हाच! तेलाच्या उताऱ्याबद्दल चकार शब्द नाही. पुन्हा सांगायचं ते हेच: विकत घेतो ती उष्णता, लिटर हे नुसतं माप.

पुराचं राहिलंच. २०१९ सारखं कृष्णा-पंचगंगेचं पाणी गाडीच्या टाकीत शिरलं, तर इथेनॉल ते ओढून घेतं आणि पाण्यासकट तळाशी बसतं. इंजिनाला जाणारी नळी तिथूनच निघते. किक मारण्याआधी टाकी पुरती रिकामी करावी, फिल्टर बदलावा आणि... पण मिनिटं संपली.