मोडीच्या भावात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडनला एका टाइपरायटरचा लिलाव झाला. लालभडक प्लॅस्टिकचा, हातात धरून न्यायचा टाइपरायटर. नाव व्हॅलेंटाइन. ऑलिव्हेट्टी या इटालियन कंपनीने तो १९६९ साली बाजारात आणला होता. म्हणजे दुर्मीळ म्हणावा असा मुळीच नाही. जाणकारांनी काही शे पौंडांचा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात तो पंचेचाळीस हजार पौंडांना गेला. तेव्हाच्या दराने सुमारे ३८ लाख रुपये! कारण एवढंच, की तो डेव्हिड बोवी या जगप्रसिद्ध गायकाच्या घरातला होता. बोवी त्याच वर्षी जानेवारीत वारला आणि त्याने हौसेने जमवलेल्या वस्तू विक्रीला निघाल्या.

हा टाइपरायटर घडवणाऱ्यांतला प्रमुख माणूस म्हणजे एत्तोरे सोत्सास. १९१७ चा जन्म, २००७ च्या शेवटच्या दिवशी मृत्यू. हा गृहस्थ १९६१ साली भारतात हिंडून गेला होता, आणि पुढे त्याने मातीची जी भांडी केली त्यांतली काही त्याने चक्क शंकराला वाहिली होती. १९८० च्या अखेरीस मिलानमध्ये त्याने तरुण मंडळींना जमवून ‘मेम्फिस’ नावाचा गट काढला. साधेपणा म्हणजेच चांगलं डिझाइन, हे तोवरचं सोवळं त्यांनी पार मोडून टाकलं. भडक रंग, वेडेवाकडे आकार, आणि लाकडावर आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो तसला पत्रा! आपल्याकडे चहाच्या हॉटेलातल्या टेबलावर असतो तोच. बोवीने या मेम्फिसच्या वस्तू शेकड्याने जमवल्या होत्या. मी त्यांची चित्रं पाहिली आहेत. खरं सांगायचं तर त्यातलं एखादं कपाट मला कोणी फुकट दिलं, तरी ते ठेवायचं कुठे हा प्रश्न पडेल. पण ते असो.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या घरातच घडलं. माझं माहेर मावळातलं आंबी. तळेगावच्या शेजारचं, इंद्रायणीकाठचं गाव. आता तिथे एमआयडीसी आहे, कॉलेजं आहेत, दिवसभर कंटेनरची ये-जा असते. पण माझ्या लहानपणी चहूकडे भातखाचरं होती. तिथलं जुनं घर उतरवून नवं बांधायचं दादाने ठरवलं, आणि ते रास्तच आहे. भिंतींना ओल आली होती, वासे पोखरले होते. घर उतरवायचं म्हणजे आधी माळा रिकामा करणं आलं. माळ्यावरून काय काय निघालं! तांब्याचं घंगाळ, पितळेची दोन तपेली, पायली, शेर, चिपटं, आजोबांचा पानाचा डबा आणि अडकित्ता, काच फुटलेला कंदील. मोडवाला आला, त्याने तांबं वेगळं केलं, पितळ वेगळं केलं, काटा लावला आणि आकडा सांगितला. दादा म्हणाला, “ताई, तिघांत वाटून घेऊ.” धाकटा म्हणाला, “घ्या आणि मोकळे व्हा.” मी नाही म्हटलं. का नाही, ते मात्र मला लगेच सांगता येईना.

मी तळेगावला शाळेत चित्रकला शिकवत असे. दरवर्षी मुलांना लोकलने पुण्याला घेऊन जायची आणि शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायची. माझ्या ‘नाही’चं मूळ बहुधा तिथे असावं.

दिनकर गंगाधर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. जन्म १८९६. पुण्यात चष्म्याचं दुकान. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, आणि १९९० साली ते गेले तोवर तो सुटला नाही. वस्तूंसाठी त्यांनी देश पालथा घातला. आता जुन्या वस्तू जमवणारे पुष्कळ असतात, पण त्यांची नजर बहुधा राजेरजवाड्यांच्या तलवारींवर आणि दागिन्यांवर. केळकरांच्या संग्रहात अडकित्ते आहेत! पोपटाच्या, घोड्याच्या, स्त्री-पुरुषांच्या आकाराचे. अंग घासायच्या वजऱ्या आहेत, दौती आहेत, कुलपं आहेत, दिव्यांचे तर किती प्रकार. स्वयंपाकघरातली भांडी, दारं, वाद्यं, बाहुल्या. ज्या वस्तू घरोघरी होत्या आणि म्हणूनच ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं, त्या त्यांनी पाहिल्या. कोथरूडचा मस्तानी महाल उतरला तेव्हा त्याचे भाग आणून तो संग्रहालयात पुन्हा उभा केला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र महालापेक्षा अडकित्तेच आवडायचे. सुपारी कातरायच्या एवढ्याशा हत्याराला कोणी मोराचा तुरा कशाला काढला असेल, असं एका मुलीने मला विचारलं होतं. याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, पण प्रश्न बरोबर आहे. कारागिराला त्याचे वेगळे पैसे मिळाले असतील असं काही मला वाटत नाही.

आणि हे सगळं केलं कोणी, तर एका चष्मेवाल्याने. स्वतःच्या मिळकतीतून, राहत्या घरातल्या काही खोल्यांत. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. भारावून जाणारा एक माणूस असला, की घरातलं दुसरं कोणीतरी पै-पैचा मेळ घालत असतं, हे आपण विसरू नये. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विकला नाही, दिला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. एका वेळी मांडून ठेवता येतात त्या जेमतेम अडीच हजार. बाकीच्या कपाटबंद. म्हणजे आपण पाहतो तो आठवा हिस्सा.

केळकरांसारखा एक माणूस मिलानमध्येही होता. सोत्सासचा समकालीन, पण तऱ्हा अगदी निराळी. आकिले कास्तिल्योनी त्याचं नाव. इटलीच्या नामांकित डिझायनरांपैकी एक, २००२ मध्ये वारला. त्याने भावाबरोबर १९५७ साली एक स्टूल रचलं. त्याला बैठक म्हणून चक्क ट्रॅक्टरची सीट लावली आणि नाव ठेवलं ‘मेझाद्रो’. म्हणजे आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसणारा असतो ना, तो! या कास्तिल्योनीच्या स्टुडिओत कपाटं भरून वस्तू होत्या: खेळणी, कात्र्या, कसली कसली अवजारं. त्यांतल्या बहुतेकांच्या कर्त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. वर्गात शिकवताना तो त्या घेऊन जाई आणि मुलांना दाखवी. त्याच्या मागे तो स्टुडिओ लोकांना पाहायला खुला झाला. मोठ्या डिझायनराचा खासगी संग्रह पाहायला लोक जातात आणि त्यांना दिसते कोणा अनाम माणसाने घडवलेली कात्री. मला हे फार आवडलं.

तर बोवीच्या टाइपरायटरला मोल आलं ते मालकाच्या नावाने. केळकरांच्या अडकित्त्याला मालकाचंही नाव नाही, कर्त्याचंही नाही. तो केळकरांनी उचलला म्हणून वाचला. आमच्या घंगाळाला यातलं काहीच नव्हतं. त्याला होतं फक्त वजन. तेव्हा मी दादाशी फार वाद घातला नाही. तपेली आणि घंगाळ मोडीत गेलं. तशी घंगाळं अजून शेकड्यांनी आहेत, संग्रहालयांत आहेत आणि हल्ली तर हॉटेलांच्या दारात फुलं तरंगत ठेवायलाही असतात. मापं आणि अडकित्ता मी ठेवून घेतला.

खरी पंचाईत झाली ती एका वस्तूने, जिला मोडवाल्याने हातही लावला नाही. माळ्याच्या कोपऱ्यात एक इरलं होतं. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते: बांबूच्या कामट्यांची उभट टोपली उभी चिरावी तसा आकार, मधे पानांचा थर. ते डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. मावळातला पाऊस आणि भाताची लावणी! बाई दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभी. छत्री धरली तर एक हात गुंततो. इरलं डोक्यावर बसतं, पाठ कोरडी राहते आणि दोन्ही हात रोपांना मोकळे. वाऱ्याने उडत नाही, अंगाला चिकटून उकडत नाही. कोणत्या डिझायनरने याहून नेमकं काही केलं असेल, तर मला दाखवा. प्लॅस्टिकचे कागद आले आणि इरली गेली. आमच्याकडे उरलेलं आईचं होतं. उंदरांनी एक बाजू खाल्लेली. दादा म्हणाला, “हे तर चुलीत घालायच्या लायकीचं.” भाव शून्य.

धातू टिकतो, लाकूडही बरंच टिकतं, म्हणून संग्रहालयांत धातू आणि लाकूड दिसतं. बांबू आणि पानं टिकत नाहीत. ती टिकवायची तर दर दोन-चार वर्षांनी नवी करावी लागतात, म्हणजे वस्तू ठेवून भागत नाही, ती करणारा हात शिल्लक असावा लागतो. मी गावात चौकशी केली. इरली विणणारे गेले, मुलं कंपन्यांत लागली. सापडल्या त्या आमच्याच आळीतल्या एक आजी. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी आमचं इरलं हातात घेतलं, फिरवलं, कुठली कामटी कशाखालून गेली आहे ते बोटाने चाचपलं आणि म्हणाल्या, “हे तुझ्या आईच्या मापाचं न्हाई. तिच्या सासूचं असंल.” मापाचं! इरलं माणसाच्या मापाने करतात, हे मला आंबीची असून ठाऊक नव्हतं.

मी वही काढली. कोणता बांबू, तो कधी तोडायचा, पानं कोणती, पहिला फेर कुठून सुरू करायचा, सगळं लिहून घेऊ लागले. आजी थोडा वेळ सांगत राहिल्या, मग कंटाळल्या. म्हणाल्या, “लिवून काय व्हतंय? कळक आन, बसून दावते.”

कळकाची सोय दादाने करायची, असं आमचं ठरलं आहे.