फाट्यापर्यंत सरकार, फाट्यापुढे कोण?

(कुंभार पिंपळगाव येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)

आमचा आजचा विषय साधा आहे. माणसाने आपल्या दारातून निघून शाळेत, दवाखान्यात, कचेरीत आणि बाजारात कसे पोहोचावे व दिवस मावळण्याच्या आत घरी कसे परतावे, एवढाच तो आहे. परंतु साधा म्हणून हलका समजू नका. ज्याच्या दारात मोटार उभी आहे, त्याला यात प्रश्नच दिसत नाही. ज्याच्या दारात काहीच उभे नाही, त्याचा मात्र कामाचा अर्धा दिवस आणि मजुरीचा मोठा वाटा याच वाटेवर सांडतो.

सरकारने सवलती दिल्या, हे आम्ही नाकारीत नाही. 2022 सालच्या ऑगस्टापासून 75 वर्षांवरील म्हाताऱ्या माणसांना एस.टी.चा प्रवास फुकट झाला. 17 मार्च 2023 पासून बायामाणसांना अर्धे तिकीट झाले. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेच्या पासास पैसे पडत नाहीत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ही सवलत कोठवर चालते? जेथवर एस.टी.चे चाक जाते तेथवर. कुंभार पिंपळगाव हे घनसावंगी तालुक्यातले बाजाराचे मोठे गाव, येथे गाडी येते. आडवळणाच्या वाडीवरचा माणूस मात्र फाट्यावर उतरतो आणि तेथे त्याची सवलत संपते.

हिशेबच करून पाहू. समजा, एका बाईचे जालन्याहून फाट्यापर्यंतचे पुरे तिकीट 100 रुपये आहे. तिला 50 पडतात. फाट्यापासून वस्ती तीन कोस. तेथवर नेण्यास जीपवाला 30 रुपये घेतो. म्हणजे लांबच्या वाटेला 50 आणि जवळच्या वाटेला 30! तिच्या 78 वर्षांच्या सासऱ्यास लांबची वाट फुकट, पण जवळच्या वाटेला तेच 30. अंधार पडला तर तिसाचे साठ होतात, कारण गाडी एक आणि अडलेले दहा. तात्पर्य काय, तर सवलत गाडीला मिळाली आहे, माणसाला मिळालेली नाही. आणि जेथे गाडी जात नाही, तेथेच बहुधा सर्वांत गरीब घरे असतात.

एस.टी. वस्तीवर का येत नाही, असे आगारात विचारा. उत्तर ठरलेले: भारमान नाही. भारमान का नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही. गाडीच्या वेळेआधी दहा मिनिटे काळी-पिवळी येऊन उभी राहते. रोख पैसे देणारा धडधाकट माणूस तिच्यात बसून निघून जातो. मागे राहतात पासवाल्या मुली, म्हातारे आणि लेकुरवाळ्या बाया. एस.टी. अर्धी रिकामी धावते आणि काही दिवसांनी ती फेरी बंद होते. फेरी बंद झाली की काळी-पिवळीवाला एकटाच राजा. मग तो जागा भरल्याशिवाय हलत नाही, दहांच्या जागी पंधरा कोंबतो आणि रात्री येतच नाही. मुलीची शाळा सुटते पाचला, जीप भरते सातला. दोन-चार महिने बाप ही धास्ती सोसतो आणि मग म्हणतो, पुरे झाले शिक्षण. मुलीची शाळा कोणी बंद केली? कोणीच नाही, आणि सर्वांनी मिळून!

म्हणून जीपवाला आपला शत्रू आहे काय? मुळीच नाही. तो तुमचाच पोर आहे. शेतीत भागत नाही म्हणून कर्ज काढून त्याने गाडी घेतली. त्याला हप्ता आहे, डिझेल आहे, टायर आहे आणि डोक्यावर दंडाची धास्ती आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वाटेत माणसे चढवीत-उतरवीत दरडोई भाडे घेणे हे टप्पा वाहतुकीच्या परवान्याचे काम. टॅक्सीचा परवाना सबंध गाडी ठरवून नेण्यासाठी असतो. म्हणून दरडोई भाडे घेणारा बहुतेक जीपवाला कायद्याच्या बांधावरून चालतो, केव्हा घसरेल याचा नेम नाही. अपघात झाला तर आणखी वाईट. हिमाचल प्रदेशातील एका बसच्या अपघातासंबंधी 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, विमा कंपनीची जबाबदारी जितक्या जागांचा विमा उतरला आहे तितक्यांपुरतीच. पंधरा माणसे कोंबणाऱ्याने आणि कोंबून घेणाऱ्याने हे ध्यानात धरावे.

एस.टी.चा वाहक शेतकऱ्याचा पोर, जीपवालाही शेतकऱ्याचाच पोर. दोघे एकमेकांच्या ताटातले ओढतात आणि उपाशी राहते ती फाट्यावर उभी असलेली त्यांचीच बहीण. हे भांडण मिटवावयाचे तर दोघांचे काम वाटून दिले पाहिजे. मोठ्या रस्त्याची लांब वाट एस.टी.ची, आणि फाट्यापासून वस्तीची वाट जीपची व रिक्षाची. एकाने दुसऱ्याची माणसे पळवावयाची नाहीत, पुढे न्यावयाची.

हे बोलणे हवेतले नाही. तुमच्यापैकी कित्येकांची मुले मुंबई-पुण्यास कामाला आहेत, त्यांना विचारा. मुंबईत चर्चगेट स्टेशनावर लोकल रिकामी झाली की बाहेर नरीमन पॉइंटकडे जाणाऱ्या शेअर टॅक्सीची रांग लागते. उभे राहण्याची जागा ठरलेली, वाट ठरलेली, दर माणशी भाडे ठरलेले. तो टॅक्सीवाला लोकलशी झुंजत नाही. लोकलमधून उतरलेली माणसे तो पुढे नेतो आणि त्यावर आपले पोट भरतो. डोंबिवली-कल्याणकडची शेअर रिक्षा याच रीतीने चालते.

जेथे असा मेळ बसला नाही, तेथे काय झाले तेही ऐका. पुण्यात 2017 च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकली आल्या. मोठा गाजावाजा झाला, कंपन्या आल्या, आणि काही वर्षांत गाशा गुंडाळून गेल्या. फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी. तेथे 2016 साली एका कंपनीने ‘व्हिम’ नावाची सोय काढली. महिन्याचे पैसे एकदा भरावेत आणि मोबाईलवरच्या एकाच खात्यावर ट्राम, बस, टॅक्सी, सायकल सर्व वापरावे. जगभर तिची वाहवा झाली. 2024 साली त्या कंपनीचे दिवाळे निघाले. परंतु हेलसिंकीची ट्राम थांबली नाही, कारण ती लोकांच्या मालकीची आहे आणि वेळापत्रकाने धावते.

ज्या गावाच्या नावातच कुंभार आहे, तेथे आम्ही यावर अधिक काय सांगावे? चाक गरगर फिरते, पण खालची खुंटी जागेवर घट्ट असते म्हणून मडके घडते. खुंटी हलली की चिखल उडतो. सार्वजनिक गाडी ही खुंटी आहे. जीप, रिक्षा, सायकल हे फिरणारे चाक आहे. चाक हवेच, पण खुंटी उपटून चाक फिरविता येत नाही.

खुंटी उपटली म्हणजे काय होते, हे आपण 2021 सालच्या नोव्हेंबरात पाहिले. एस.टी. कामगारांचा संप झाला, राज्यातील सुमारे 250 आगारे बंद पडली, आणि सरकारने खाजगी गाड्यांना माणसे नेण्यास मोकळीक दिली. एप्रिल 2022 पर्यंत ते प्रकरण चालले. कामगारांचे गाऱ्हाणे त्यांच्या ठिकाणी होते. आम्ही सांगतो ते एवढेच की, त्या दिवसांत विद्यार्थ्यांचा पास खिशातच राहिला आणि जीपवाल्याच्या हातावर पुरे पैसे ठेवावे लागले. नुसत्या जीपवर गाव चालत नाही, हा त्याचा धडा आहे.

आपल्या या मुलखाला मेळाची गोष्ट नवीही नाही. हा भाग हैदराबाद संस्थानात असताना 1932 साली निजामाच्या सरकारी रेल्वेनेच 27 बसगाड्या घेऊन मोटारसेवा सुरू केली. रेल्वे आणि बस एकाच मालकाच्या हाताखाली होती. राज्य निजामाचे होते, रयतेचे नव्हते, तरीही रूळ संपतो तेथे माणसाची वाट संपत नाही एवढे त्या खात्यास कळले होते. आज लोकांचे राज्य आहे. जालना आणि परतूर ही दोन्ही स्टेशने एकाच लोहमार्गावर आहेत. 30 डिसेंबर 2023 रोजी जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी सुरू झाली, पुढे ती नांदेडहून सुटू लागली. चांगले झाले. पण वाडीवरच्या माणसाने त्या गाडीसाठी स्टेशन कसे गाठावे, हे तिच्या वेळापत्रकात लिहिलेले नाही. 2025 च्या एप्रिलात राज्य सरकारने विजेवर चालणाऱ्या दुचाकी टॅक्सीला मंजुरी दिली, तीही एक लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. जेथे आधीच चार वाहने आहेत तेथे पाचवे, आणि जेथे एकही नाही तेथे पायपीट!

आता कोणी म्हणेल, कायदा आड येतो. हे खरे नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तिने कलम 67 अन्वये राज्य सरकारला अधिकार दिला की, शेवटच्या टप्प्याची जोड आणि ग्रामीण वाहतूक यांसाठी परवान्यांत फेरफार करावा, किंवा योजना आखून तिच्याखाली परवाने द्यावेत. म्हणजे दार कायद्याने उघडे ठेवले आहे. आत जाण्यास कोणीतरी उठले पाहिजे.

आमच्या मते गावाने चार गोष्टी मागाव्यात. पहिली, वेळ. फाट्यावर एस.टी. आली की वस्तीकडची जीप सुटावी, गाडीला उशीर झाला तर जीपने थांबावे. दुसरी, भाडे व जागा. कोणत्या वाटेला माणशी किती आणि गाडीत किती माणसे, हे परिवहन प्राधिकरणाकडून मंजूर करून घेऊन फाट्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. तिसरी, कामाची वाटणी. जो जीपवाला फाटा-वस्तीची वाट धरील त्याला कायदेशीर परवाना मिळावा, आणि त्याच्या बदल्यात त्याने मोठ्या रस्त्यावर एस.टी.च्या तोंडची माणसे उचलू नयेत. चौथी आणि मुख्य, एकच तिकीट. वाहकाने वस्तीपर्यंतचे तिकीट द्यावे, बाईला तेथवर अर्धे आणि म्हाताऱ्याला तेथवर फुकट. जीपवाल्याचा वाटा सरकारने भरून द्यावा. एस.टी.ला सवलतीची भरपाई सरकार आजही देतेच. वस्तीचे तीन कोस त्यात बसविणे अवघड नाही. रेल्वे, मेट्रो, बस यांना चालेल असे एकच कार्ड 4 मार्च 2019 रोजी देशात सुरू झाले. शहराला जे जमते ते खेड्याला का जमू नये?

यात एक सावधगिरी ठेवा. जीपची सोय झाली म्हणून आगाराने गावाची मुक्कामी गाडी बंद करू म्हटले, तर मान्य करू नका. जोड देणे म्हणजे मूळ तोडणे नव्हे. रात्री मुक्कामाला येऊन पहाटे सुटणारी गाडी भाजी विकणाऱ्या बाईची, कचेरीत तारीख असलेल्या कुळाची आणि दवाखान्यात जाणाऱ्या गरोदर बाईची आहे. तिच्या जागी दुसरे काही चालणार नाही.

जीपवाल्या बंधूंनाही सांगणे आहे. तुम्हाला आज एका खेपेत पंधरा माणसे मिळतात आणि पुढच्या खेपेस तासभर माशा माराव्या लागतात. गाडीच्या वेळेला बांधून घेतलेत तर खेप ठरलेली, परवाना खिशात, विमा पक्का. एका दिवशी चार पैसे कमी दिसतील, महिन्याच्या हिशेबात दिसणार नाहीत. चार जीपवाल्यांनी एकत्र येऊन पाळ्या लावल्या, तर स्टँडवरची हातघाईही थांबेल.

बंधुभगिनींनो, 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा कचेरी जवळ आली असे आपण म्हणालो. कचेरी नकाशावर जवळ आली, पण पायांना ती आजही दूरच आहे. हे अंतर अर्ज केल्यावाचून तुटणार नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. तो मांडण्यास बायांना आणि शाळेच्या मुलींना पुढे करा, कारण फाट्यावर उभे राहण्याचे दुःख त्यांना ठाऊक आहे. ठरावाची एक प्रत आगारात, एक परिवहन कार्यालयात, एक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. शेजारच्या गावांनाही सांगा, एका गावाचा कागद बासनात पडतो, वीस गावांचा पडत नाही.

आणि मंजुरीची वाट पाहत हात बांधून बसू नका. फाट्यावर एक पाटी उभी करा, तिच्यावर एस.टी.च्या वेळा लिहा, आणि कोणती जीप कोणत्या गाडीला थांबेल ते जीपवाल्यांना विचारून त्यांच्या संमतीने लिहा. एवढ्याला रंगाचा एक डबा लागतो, सरकारचा हुकूम लागत नाही. गाव करील ते राव काय करील, असे आपले वाडवडील म्हणत आले. ते खरे करून दाखविण्यास याहून सोपे काम आम्हाला तरी दिसत नाही.