“माझंच काहीतरी चुकलं असेल”
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आम्ही दोघांनी दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



“तुम्ही दोघं नवरा-बायको नेमकं करता तरी काय?” हा प्रश्न मंडळात आम्हाला दर वर्षी विचारला जातो. आज एकदाच उत्तर देऊन टाकतो. आम्ही यूएक्स डिझायनर आहोत. पडद्यावर कोणतं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, चुकल्यावर माणसाला मागे कसं फिरता यावं, हे बघणं आमचं काम. तेही ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा प्रोग्रॅम कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही त्यातली ओळखीची नावं.

कंपनीत साहेबानं आराखडा मंजूर केला की तो होतो. इथे तसं नाही. काही जण पगारी असतात, पण बरेच जण नोकरी सांभाळून रात्री काम करतात. त्यांना हुकूम कोण देणार? आपल्या मखराचंच बघा ना. चित्र कितीही सुंदर काढलं, तरी करवत हातात घेणाऱ्याला पटलं नाही तर ते कागदावरच राहतं.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. एका प्रकल्पात छपाईचा पडद्यावरचा भाग फार किचकट होता. आम्ही तीन महिने घरी बसून नवे आराखडे केले आणि एकदम सगळ्यांपुढे ठेवले. तो भाग ज्यानं नऊ वर्षं सांभाळला होता, त्याला आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. काय वाईट आहे ते तुम्ही सांगितलंत, कुणाला त्रास होतो ते नाही. त्यानंतर कित्येक महिने तो आमच्याशी बोलला नाही. चूक आमचीच होती.

मोठ्यांनाही ही ठेच लागली आहे. इंग्रजी विकिपीडियावर जुलै 2013 मध्ये लिहिण्याचं नवं साधन सर्वांसाठी सुरू केलं. हेतू चांगला होता, नवख्याला खुणांची भाषा शिकावी लागू नये. पण साधन कच्चं होतं. जुने संपादक चिडले आणि सप्टेंबरमध्ये ते ‘हवं असेल तर वापरा’ असं करावं लागलं. उलट ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरनं 2019 साली 2.80 आवृत्तीत आपलं रूप बरंच पालटलं. वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण लागायचं, तिथे डावं आलं. पण बदलाची चर्चा आधीपासून उघड चालली होती आणि उजव्या बटणाची सवय असलेल्यांसाठी तो पर्यायही ठेवला.

मग आम्ही पद्धत बदलली. आपल्याच मंडळातल्या एका काकांना वर्गणीची यादी छापायला सांगितली, शेजारी गप्प बसलो आणि त्यांच्या परवानगीनं पडद्याचं चित्रण केलं. मध्येच एक प्रश्न उमटला. काकांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि यंत्र बंद करून म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलं असेल.”

आराखडा न जोडता आम्ही ते चित्रण तेवढं पाठवलं. अबोला धरलेल्या त्या गृहस्थानंच दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. उपायही त्यानंच सुचवला, आमच्यापेक्षा सोपा. तो प्रश्न विचारायची गरजच नव्हती! पुढच्या आवृत्तीत तो गेला. काकांना यादी छापून दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आता शहाणं झालं हो यंत्र.”

मंडपाच्या बैठकीत मखर, रोषणाई, सगळ्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद होतो. पण जिला पायरी चढवत नाही ती आजी त्या बैठकीला नसते. तिच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं. आमचा धंदा तेवढाच आहे.

म्हणून एक विनंती. यंत्रापुढे अडलात तर “माझंच चुकलं” म्हणून उठू नका, कुठे अडलं ते सांगा. मुलामुलींनो, प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून लांब राहू नका. मराठी भाषांतर तपासणं, अडचण नीट लिहून कळवणं, हेही तिथे कामच आहे.

गणपती बाप्पा मोरया!