कर्त्याच्या माघारी



मंगलकार्याची यादी आपल्या घरांत सहा महिने आधी होते. 'इच्छापत्र' हा शब्द मात्र उच्चारला, की "भलतेसलते बोलू नये" म्हणून वडीलधारे विषय बदलतात. 2020-21च्या कोरोना महामारीने या संकोचाची किंमत अनेक कुटुंबांकडून वसूल केली. कर्ता पुरुष आठवडाभरात गेला आणि कोणते खाते कोठे आहे, हेही घरात कोणास ठाऊक नव्हते.

दुसरा गैरसमज नामनिर्देशनाविषयीचा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेतील ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. सोय स्वागतार्हच, परंतु नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असे नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते; ते कोणाचे, हे इच्छापत्र वा वारसाहक्क कायदा ठरवितो. कंपन्यांच्या समभागांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केले.

खरी कसोटी लागते ती घरच्या धंद्याची. दोन सख्ख्या भावांचा लहानसा कारखाना कल्पावा. 1932च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल, तर एका भागीदाराच्या निधनाने भागीदारी संपुष्टात येते. आणि भागीदार दोनच असतील, तर 'संस्था पुढे चालू राहील' हे करारातील कलमही तारत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या 1965च्या निकालात सांगितले. एकट्याची भागीदारी कशी असणार? म्हणजे थोरल्याच्या दशक्रियेस बसलेल्या धाकट्यापुढे कामगारांचे पगार, बँकेचे कर्ज आणि वहिनीचा हिस्सा हे तिन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात. तो हिस्सा कोणत्या हिशेबाने व किती हप्त्यांत द्यावयाचा, हे थोरला हयात असतानाच लिहिले गेले असते, तर दीर-भावजय न्यायालयाच्या पायरीवर भेटते ना. 2008च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी एका भागीदाराच्या मृत्यूने संपत नाही. लहान उद्योजकांनी तिचा विचार अवश्य करावा. हिशेब सोडविण्याचा करार मात्र तेथेही हवाच.

स्त्रियांनी तर इच्छापत्र करावयासच हवे. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अपत्य नसलेल्या विधवेने इच्छापत्र केले नसेल, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत पतीच्या वारसांकडे जाते. जिला आईवडिलांनी शिकविले, नोकरीस लाविले, त्यांचा क्रम त्यानंतर! कायद्यातील हा अन्याय दूर होईल तेव्हा होवो. लेखणी तर तिच्याच हाती आहे.

इच्छापत्रास मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत. लाभ मिळणारी व्यक्ती साक्षीदार नसलेली बरी. नोंदणी ऐच्छिक असली, तरी पुढे वाद झाल्यास उपयोगी पडते. वय झाले असेल, तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. मूळ प्रत कोणत्या कपाटात आहे, हे घरातील निदान दोघांस ठाऊक असावे. आणि त्या कपाटाची किल्ली कोठे असते, हेसुद्धा.