माझ्या शीटमध्ये नसलेला कॉलम

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड टेकवर नाहीये. म्हणजे थोडा आहे, पण टेक कुठे कमी पडलं त्यावर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर डॅशबोर्ड बघायचा, हिरवं दिसलं की निवांत, लाल दिसलं की धावपळ. गेल्या पावसाळ्यात आजी आजारी पडली, तेव्हा वर्क फ्रॉम होम घेऊन मी कराडजवळ आमच्या गावी होतो. आजी 78 वर्षांची. दोन दिवस खोकला, जेवण कमी. मी लगेच एक शीट बनवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळचे आकडे सांगतो: ऑक्सिजन 95, नाडी 92, बीपी 126 वर 78, ताप 99. सगळे रकाने हिरवे. मी बाबांना म्हणालो, "काही टेन्शन नाही, उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ."

त्याच रात्री माझी चुलत बहीण सुट्टीवर घरी आली. ती जीएनएम नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या शीटकडे तिने बघितलंसुद्धा नाही. आजीजवळ बसली. "आजी, कशी आहेस गं?" आजी म्हणाली, "बरी हाय." मग तिने आजीचं मनगट धरलं.

मी म्हटलं, "अगं, नाडी मोजलीय मी. 92 आहे."

तिने हातानेच मला गप्प केलं. दीड मिनिटाने मला बाहेर ओसरीवर नेलं. "दादा, नाडी अर्ध्या मिनिटातच झाली. पुढचं पूर्ण मिनिट मी छातीकडे बघत होते. श्वास 28 आहेत."

माझ्या शीटमध्ये श्वासाचा कॉलमच नव्हता.

तिने अजून एक विचारलं. "आजी तुला कोणत्या नावाने हाक मारतेय?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. दुपारपासून ती मला बाबांच्या नावाने बोलवत होती, आणि मी हसण्यावारी नेलं होतं.

रात्रीच तालुक्याला नेलं. एक्स-रे काढला. न्यूमोनिया.

आता हे नीट समजून घ्या. मोठ्या माणसाचे श्वास आराम करताना मिनिटाला साधारण 12 ते 20 असतात. फुप्फुस कमी पडायला लागलं की शरीर श्वास वाढवून ऑक्सिजन टिकवून धरतं. म्हणून ऑक्सिमीटर काही काळ चांगलाच आकडा दाखवतो. आपल्या भाषेत सांगू? साइट नीट चालतेय, पण मागे सर्व्हर दुप्पट लागतायत. ते मोजलेच नाहीत, तर साइट पडल्यावरच कळणार. आणि म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनियात ताप फारसा दिसत नाही असंही होतं. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं हीच कधीकधी पहिली खूण असते.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये न्यूज नावाची गुणपद्धत आणली, 2017 मध्ये ती सुधारली. नंतर आजीचे आकडे मी त्यात घातले. श्वास 25 किंवा जास्त, 3 गुण. नव्याने आलेला गोंधळ, 3 गुण. ऑक्सिजन 95 ला 1, नाडी 92 ला 1. एकूण 8. आणि 7 किंवा जास्त झाले की तिथे ती इमर्जन्सी धरतात. माझ्या शीटमध्ये मात्र सगळं हिरवं!

दवाखान्यात सहा दिवस होतो. बहिणीने मला कामाला लावलं. उशा लावून आजीला अर्धवट बसतं ठेवायचं, म्हणजे श्वास घ्यायला सोपं जातं. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा आणि माकडहाड बघायचं. कातडी लाल दिसली तर बोटाने दाबायचं. दाबूनही लाली जात नसेल तर तिथे जखम सुरू झालीय, लगेच सिस्टरना सांगायचं. यातलं एकही काम ॲपवर होत नाही.

मंडळी, तुमच्यात कुणी नर्सिंग शिकत असेल तर त्यांना हे माहीतच आहे. बाकीच्यांनी आज घरी प्रॅक्टिस करा. माणूस शांत बसलेला असताना मनगट धरा, नाडी मोजतोय असं भासवा, आणि छाती किंवा पोट किती वेळा वर येतंय ते मोजा. सांगून मोजलं की माणूस नकळत श्वास बदलतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण मिनिट द्या. आजारी माणसाचा आकडा 20 च्या वर राहिला तर डॉक्टरांना फोन करून तो आकडा सांगा. 25 किंवा जास्त असेल, किंवा माणूस गोंधळलाय, तर सकाळची वाट बघू नका.

आजी आता बरी आहे. मला माझ्याच नावाने हाक मारते, शिव्यांसकट. शीट अजून आहे, पण श्वासाचा कॉलम पहिला आहे.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.