कानाचे ऑपरेशन आणि पुढचे तीन महिने



कान फुटणे म्हणजे काय, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लहान मुलाला सर्दी होते, रात्री कान ठणकतो, मूल रडत रडत झोपते आणि सकाळी उशीवर पू दिसतो. दुखणे थांबलेले असते म्हणून आईला हायसे वाटते. पण ते थांबते पडद्याला छिद्र पडून आतला पू बाहेर आल्यामुळे. बहुतेक मुलांचे हे छिद्र आपोआप भरून येते. काहींचे भरत नाही. मग दर सर्दीला, दर पावसाळ्यात कान वाहतो आणि हळूहळू ऐकू कमी येऊ लागते. मास्तरांना वाटते, मुलाचे लक्ष नाही. घरच्यांना वाटते, हट्टी आहे. मूल मात्र बिचारे अर्धेच ऐकत असते.

यावर चांगला उपाय आहे. कानशिलावरच्या स्नायूचे पातळ आवरण घेऊन फाटलेल्या पडद्याला त्याचे ठिगळ लावायचे. या शस्त्रक्रियेला टिंपॅनोप्लास्टी म्हणतात. १९५० च्या दशकात जर्मनीतील वुलस्टाइन आणि झोल्नर या डॉक्टरांनी ती रूढ केली. सरावलेल्या हाताला तास-दीड तास लागतो आणि मोठ्या माणसाला पूर्ण भूल न देता, नुसती जागा बधिर करूनही ती करता येते. अडचण आहे ती अंतराची. कानाचे तज्ज्ञ शहरात आणि वर्षानुवर्षे कान वाहणारे रुग्ण पाड्यांवर.

हे अंतर कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या देशात रुळांवरून झाला. १६ जुलै १९९१ रोजी लाइफलाइन एक्स्प्रेस ही रुग्णालय-गाडी सुरू झाली. मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने भारतीय रेल्वेच्या साह्याने ती उभी केली. पहिला मुक्काम होता तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील खलारीला. शस्त्रक्रियागृह डब्यातच. गाडी एका स्थानकावर काही आठवडे थांबते, ठिकठिकाणचे डॉक्टर मोबदला न घेता येतात आणि मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, पोलिओने वाकलेले पाय यांच्याबरोबर कानाच्या शस्त्रक्रियाही विनामूल्य होतात.

पण रूळ सगळीकडे पोचलेले नाहीत. आम्ही काही डॉक्टर जीपमध्ये सामान भरून सातपुड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात शिबिरे घेऊ लागलो. आता कानात घालायची दुर्बीण पेन्सिलीहूनही बारीक असते. जड मायक्रोस्कोप नेला नाही तरी बरीच कामे होतात. सामान गेले, डॉक्टर गेले, म्हणजे शस्त्रक्रिया गावात पोचली, असे मलाही वाटत होते.

पहिल्याच वर्षी सतरा वर्षांच्या एका मुलीवर आम्ही शस्त्रक्रिया केली. ठिगळ छान बसले. निघताना तिला सूचनांचा छापील कागद दिला : कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, नाक जोराने शिंकरायचे नाही, कानामागचे टाके आठवड्याने आणि आतली औषधी पट्टी तीन आठवड्यांनी काढून घ्यायची. दोन दिवसांत आम्ही शहरात परतलो. पुढच्या वर्षी ती आजीबरोबर पुन्हा आली, तेव्हा ठिगळ निघून गेले होते आणि कान वाहत होता. तिने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता. दोघींनाही वाचता येत नव्हते. पट्टी काढायला ती दोनदा रुग्णालयात चालत आली होती. पण ज्या डॉक्टरांना आम्ही समजावून सांगितले होते त्यांची बदली झाली होती.

चूक त्या मुलीची नव्हती, आमची होती. कानाची शस्त्रक्रिया टाका घातल्यावर संपत नाही. ठिगळ धरले की नाही हे कळायला दीड ते तीन महिने लागतात. ते तीन महिने आम्ही गावात नेलेच नव्हते.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. शिबिराच्या महिनाभर आधी एकजण जाऊन कान तपासतो आणि ऐकण्याची चाचणी करतो. स्वच्छ कापसाची वात करून कान कोरडा कसा करायचा, हे तिथल्या आशाताईंना शिकवतो. पावसाळा संपल्यावरच तारीख ठरवतो. सूचना कागदावर न देता आशाताई त्यांच्या बोलीत सांगतात आणि रुग्णाकडून परत वदवून घेतात. तिसऱ्या आठवड्याला आणि तिसऱ्या महिन्याला आमच्यातले कोणीतरी जातेच. त्यामुळे पूर्वी चाळीस शस्त्रक्रिया व्हायच्या तिथे आता बारा-पंधरा होतात.

आणखी एक पथ्य पाळतो. ज्या कानातून थोडाच पण घाण वासाचा पू येतो, त्यात हाड कुरतडणारा रोग असू शकतो. तो चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. असा कान शिबिरात उरकायचा नसतो. त्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात आम्ही स्वतः पोचवतो, कारण शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षे तो कान तपासावा लागतो.

केंद्र सरकारने २००६-०७ मध्ये बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. पुढे तो इतर जिल्ह्यांतही गेला. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी जरूर करा. वाहत्या कानात गरम तेल, लसणाचा रस असले काही घालू नका. कान कोरडा ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

शिबिरांना देणगी देणाऱ्यांना एक विनंती. किती शस्त्रक्रिया झाल्या, हे सगळेच विचारतात. तीन महिन्यांनी त्यातले किती कान कोरडे होते, हेही विचारा. त्या मुलीवर आम्ही पुन्हा शस्त्रक्रिया केली. या वेळी पट्टी वेळेवर निघाली. तिसऱ्या महिन्यात तपासायला गेलो तेव्हा आजीने तिला अंगणातून हळूच हाक मारली आणि ती आतून ‘ओ’ देत बाहेर आली.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)