उतारशाळेचा खर्च



मिरज, बेळगाव, सोलापूर, अहिल्यानगर... रात्रभर प्रवास करून आणि शेवटी बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकातली गर्दी सोसून आपण इथवर आलात. एचएसआर लेआउटमधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करते.

आमची ही वसाहत बाहेरून सुखवस्तू दिसते. नव्या कंपन्या, झाडांचे रस्ते, शेजारी आगरा तळे. पण सप्टेंबर 2022 मध्ये बेळ्ळंदूरच्या बाजूला पूर येऊन रस्त्यांवरून माणसे ट्रॅक्टरने आणि होडीने बाहेर काढावी लागली, आणि 2024 च्या उन्हाळ्यात याच शहरात बोअरवेल आटून लोक टँकरची वाट पाहत बसले. पीजीत राहणारी कितीतरी मुले नोकरी गेल्यावर आईवडिलांना फोनवर 'सगळं ठीक आहे' असेच सांगतात. अशा ठिकाणी आपण करुणा आणि आशा या विषयावर बोलायला जमलो आहोत, म्हणून मला पंडिता रमाबाईंची आठवण आवर्जून काढायची आहे.

रमाबाई आपल्या महाराष्ट्राच्या, तशाच या कर्नाटकाच्याही. 23 एप्रिल 1858 रोजी त्यांचा जन्म झाला तो इथल्याच सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, आणि भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्या उपाशीतापाशी देशभर पायी हिंडल्या. भूक त्यांनी स्वतः भोगली होती. पुढे 1896-97 च्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. घर भरलेले, पैसा तुटपुंजा, त्यातच शहरात प्लेग आणि त्याचे निर्बंध. तरीही त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. 1899-1900 च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलीही तिथे आल्या, आणि वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींना जेवू घालणे हेच केवढे काम! पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. केडगावला शाळा निघाली, हातमाग आले, शेती, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, छापखाना आला. अंध मुलींना रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवले. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला मराठी बायबलचा अनुवाद त्याच छापखान्यात छापला गेला, आणि त्याचे खिळे जुळवणारे हात आश्रमातल्या बायकांचे होते. दुष्काळातून वाचलेल्या मुलीच्या हाती खिळे देणे, याला मी आशा म्हणते. आपण पुष्कळदा धान्याच्या पिशव्या वाटतो, फोटो काढतो आणि समाधानाने घरी जातो. ती मदत खोटी नसते, पण फार लवकर संपते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सारे लहानपणापासून शब्बाथ शाळेत ऐकत आलो. त्यातला जखमांवर तेल ओतण्याचा भाग सगळ्यांना पाठ असतो. मला त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. तो माणूस जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची देखभाल करतो, सकाळी मालकाच्या हाती पैसे ठेवतो आणि जास्त लागले तर परत येताना देईन असे सांगतो. येशूने हा हिशेबाचा तपशील उगाच घातलेला नाही.

आता आमच्या उतारशाळेविषयी. इथून जवळच कोरमंगलाकडे सेंट जॉन्स रुग्णालय आहे. ज्या सेंट जॉन्स संस्थेचे ते आहे, ती भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 1963 मध्ये सुरू केली. होसूर रस्त्याने पुढे शहराकडे निमहान्स आणि किदवई कर्करोग संस्था आहेत. सीमाभागातून, खानापूर-निपाणीकडून मराठी माणसे तिथे येतात. सोबत म्हातारी आई, हातात कागदांची पिशवी. कन्नड मोडकेतोडके, इंग्रजी नाही. खोली कुठे मिळेल, कोणता अर्ज कुठे भरायचा, डॉक्टर काय म्हणाले, हे समजून सांगणारे आपले माणूस जवळ नसते. आजारापेक्षा हा एकटेपणा माणसाला लवकर खचवतो, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून स्वागत समितीची एक विनंती आहे. आम्ही बेंगळुरूकर त्यांच्यासोबत रांगेत उभे राहू, डबा देऊ, रक्तदाते शोधू. पण रुग्ण गावी परतल्यावर त्याच्या औषधाची, पुढच्या तारखेची, मुलांच्या शाळेची चौकशी करायला तिथल्या मंडळीतले कोणीतरी हवे. रुग्ण कोणत्या धर्माचा, जातीचा, हे दोन्हीकडे कोणी विचारायचे नाही, आणि सेवेच्या बदल्यात काही मागायचेही नाही.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. प्रत्येक मंडळीतून निदान दोघांनी तिच्यात नाव, गाव आणि फोन नंबर लिहावा. उद्या दुपारच्या सत्रात त्या नावांवरून तालुकावार गट करू. आज जेवणाची व्यवस्था तळमजल्यावर आहे, वयस्करांसाठी लिफ्ट डाव्या हाताला आहे, आणि मी आता अध्यक्षमहोदयांना संमेलनाची सूत्रे हाती घेण्याची विनंती करते.